कांताबाईंचं मत

१

त्या उन्हाळ्यात ऑफिसात जेवणाचे डबे उघडले की ‘छोटी लाइन’चा विषय निघायचाच. पंचवीस वर्षांपूर्वी दूरदर्शनवर लागणारी ही हिंदी मालिका आता डीव्हीडीच्या पेटीत मिळू लागली होती आणि पंडरी बाजारातल्या दुकानातून जो तो ती उचलून आणत होता. राज्य नवं झालं, रायपूर नवी राजधानी झालं, माणसं मात्र जुनीच. नवं दाखवलं तर नाक मुरडणार आणि जुनं दाखवलं तर त्यातही खोट काढणार.

“तेव्हा लय मजा यायची, पद्मिनी दीदी,” शेजारच्या टेबलावरची विनोदिनी म्हणायची. “आता मले हळू वाटून राहिली. एक बाई चहा मांडते, तर अर्धा भाग चहातच जाते.”

हेडक्लार्क बडे बाबूंना चित्र फिकट वाटत होतं. कोणाला सुरुवातीचं गाणं कापल्याचा राग होता. एका छोट्या रेल्वे स्टेशनावरच्या लोकांची ती गोष्ट होती आणि रायपूरच्या अर्ध्या मराठी घरांना रेल्वेनंच इथं आणलेलं असल्यामुळे सगळ्यांनाच ती घरची वाटायची. घरच्या गोष्टीवर मत असतंच.

पद्मिनी ऐकून घ्यायची. तिला मालिकेशी फारसं देणंघेणं नव्हतं. तिला हवी होती ती पेटीतली शेवटची डिस्क. त्या काळी प्रत्येक भागानंतर ‘आपकी राय’ म्हणून दोन मिनिटं दाखवत. कॅमेरावाले गावोगाव फिरून प्रेक्षकांची मतं घेत, आणि एकदा ते रायपूरच्या रेल्वे कॉलनीतही आले होते. तिथं पद्मिनीची आई, कांताबाई, बोलली होती.

ते बोलणं घरात पुढे दंतकथा होऊन बसलं. मालिकेतला, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंटमनचा लहान मुलगा तापानं मरणार, असं दिसायला लागलं होतं. कांताबाईंनी कॅमेऱ्यासमोर ठणकावून सांगितलं, पोराला मारू नका. देशभरातून तशीच पत्रं गेली आणि पोरगा वाचला. कॉलनीत म्हणायचे, कांताबाईनं वाचवला. पण लिहिणाऱ्यानं त्या घरातून एक माणूस न्यायचं ठरवलेलंच होतं. पुढच्या भागात पोराची आई रुळावर गाडीखाली गेली.

“मी पोट्ट्यासाठीच बोलली,” कांताबाई नंतर कितीदा तरी म्हणायच्या. “त्याच्या मायचं मी बोललीच नाही. बोलली असती तर राहिली असती बिचारी.”

पद्मिनीनं ते कधी पाहिलंच नव्हतं. ती तेव्हा सासरी गोंदियाला होती आणि नेमकी त्या रात्री विजेची लाइन गेली होती. कांताबाई वारल्या तेव्हा मागे राहिले ते दोन-चार फोटो, तेही रेशनकार्डावर लावायला काढलेले, डोळे वटारलेले. हलणारी, बोलणारी आई कुठंच नव्हती. म्हणून तिनं ती पेटी घेतली.

२

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर इंद्रजीतनं प्लेअर जोडून दिला. इंद्रजीत तिचा एकुलता एक मुलगा. उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, सळया बनवणाऱ्या रोलिंग मिलमध्ये नोकरी, रोज मोटारसायकलनं बीरगांवच्या गर्दीतून जाणं-येणं, आणि हेल्मेट कायम खिळ्याला टांगलेलं. नवरा धर्मपाल गेल्यापासून तिचा सगळा जीव त्याच्यात होता, आणि तो उशीर करी तेव्हा तिच्या घशाखाली घास उतरत नसे. हे त्याला माहीत होतं, तरी हेल्मेट खिळ्यालाच.

कूलर सुरू होता. त्याची जाळी सैल होती, तिच्यात पुठ्ठ्याची घडी खोचली होती, तरी दर फेऱ्याला टक्‌ असा आवाज यायचाच.

कोण कोण येऊन गेलं पडद्यावर. भोपाळचे मास्तर, जबलपूरच्या दोन कॉलेजकुमारी. सगळे जरा विचित्र बोलत होते. “मुझसे पूछा गया है कि मुझे कौन-सा पात्र पसंद है, तो मुझे पसंद है…”

“ऐसे क्यों बोल रहे हैं सब?” इंद्रजीत हसला.

“तुझी आजी सांगे ना,” पद्मिनी म्हणाली. “विचारणाऱ्याचा आवाज ठेवत नाहीत, कापून टाकतात. म्हणून प्रश्न आपल्या उत्तरात घ्यायचा. नाही तर बघणाऱ्याले समजत नाही का विचारलं काय.”

आणि मग कांताबाई आल्या.

क्वार्टरची हिरवट भिंत, खाली सतरंजी, सतरंजीवर मांडी घालून बसलेली आई. तिच्या उजव्या अंगाला थोडी जागा मोकळी. टीव्ही बघायला उशिरा येणाऱ्यांसाठी ती ती जागा धरून ठेवायची आणि कोणी दारात दिसलं की हातानं थोपटून म्हणायची, ये, बस. पद्मिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आई हलत होती. आई पदर सारखा करत होती.

“मले विचारून राहिले का पोट्ट्याचं काय झालं पाहिजे,” कांताबाई म्हणाल्या. “तर त्याले मारू नका. लेकराले मारून कोनाले काय भेटते?”

झालं. पुढे बिलासपूरचे एक वकील सुरू झाले.

“आजी तो एकदम तुम्हारे जैसी है,” इंद्रजीत म्हणाला.

पद्मिनीनं पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा बघताना तिचं रडणं थांबलं. आईच्या अंगावरची साडी मेंदी रंगाची होती, काठावर बारीक मोर. तशी साडी पद्मिनीनं तिला घेऊन दिली होती. धर्मपालच्या जागेवर तिला नोकरी लागली, त्या पहिल्या पगारात, पंडरीतून. म्हणजे राज्य झाल्यावर. या चित्रीकरणानंतर कितीतरी वर्षांनी.

तशा साड्या ढिगानं असतात, तिनं स्वतःला समजावलं. आईकडे आधीही तशी असेल, म्हणून तर मी तीच निवडली असेन. हे पटण्यासारखं होतं आणि तिनं ते पटवून घेतलं.

३

पद्मिनीचे वडील गुलाबराव रेल्वेत फिटर होते आणि बोलायला वकील. बाबासाहेब मानणाऱ्या घरात भूतखेत, उतारे, अंगात येणं यांना उंबऱ्याच्या आत थारा नव्हता. कोणी काही सांगितलं की गुलाबराव एवढंच म्हणत, “पुरावा दाखव.” गेलेलं माणूस गेलं, त्याचं चांगलं आठवायचं, तसं वागायचं, संपलं. पद्मिनी याच शिस्तीत वाढली होती आणि तिला तिचा अभिमान होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“विनोदिनी, तुझ्या पेटीत माझी आई पाहिली का तू?”

“पाहिली ना. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. दोन वाक्यं बोलली, पण काय बोलली.”

“पांढरं?”

“पांढरंच. काहून?”

पद्मिनीनं भाजीत पोळी बुडवली आणि ती तशीच हातात धरून बसली.

त्या दुपारी तिनं अर्धी रजा टाकली. घरी येऊन कूलर लावला, खिडकीचा पडदा ओढला, डिस्क घातली. भोपाळचे मास्तर, जबलपूरच्या मुली, कांताबाई. मेंदी रंगाची साडी. तिनं टीव्हीजवळ जाऊन पदर पाहिला. पदराला खिळ्यानं फाटलेलं होतं आणि ते पिवळ्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं. हिरवा दोरा घरात नव्हता म्हणून तिनं स्वतःच्या हातानं केलेलं रफू. आई त्यावर हसली होती, म्हणाली होती, मोराले हळद लागली.

ती टीव्हीपासून दोन पावलं मागे सरकली.

“मले विचारून राहिले का मले कोनता भाग आवडला,” पडद्यावर कांताबाई म्हणाल्या.

हे काल नव्हतं.

“तर मले तो आवडला, ज्याच्यात पोट्टा दूध उतू जाऊ देते आन्‌ मायले न सांगता शेगडी पुसून ठेवते. गुनाचा आहे पोट्टा.”

पद्मिनी स्वयंपाकघरात गेली. सकाळी ती घाईत निघाली होती, दुधाकडे इंद्रजीतला लक्ष ठेवायला सांगून. शेगडी लख्ख होती. तिनं बर्नर उचलला. खाली करपलेल्या सायीचा तपकिरी पापुद्रा होता.

प्रत्येक मालिकेत दूध उतू जातं, तिनं मनाला बजावलं. ‘छोटी लाइन’मध्येही गेलं असेल. त्या दुपारपासून दोन-तीन दिवस ऑफिसातून आली की ती एकेक भाग बघत सुटली. पॉइंटमनचं घर, त्याची बायको, तापानं पडलेला मुलगा, चहा, पुन्हा चहा. दूध कुठंच उतू गेलं नाही. त्या घरात दूधच नव्हतं. ती माणसं काळा चहा पीत होती.

इंद्रजीतला तिनं यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तर शब्द हवेत, आणि शब्द तोंडातून काढला की तो खरा होतो, या भीतीनं ती गप्प राहिली. फक्त रोज सकाळी हेल्मेट खिळ्यावरून काढून त्याच्या हातात देऊ लागली.

“क्या हो गया है तुमको, मम्मी?” तो म्हणायचा.

“काही नाही. घाल.”

तो हातात घ्यायचा आणि गल्लीच्या वळणावर हँडलला अडकवायचा. ते तिला गॅलरीतून दिसायचं.

४

डिस्क पुन्हा लावायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण आई काहीतरी बोलत असेल आणि आपण ऐकत नाही, ही गोष्ट तिला सोसवेना. शनिवारची सुट्टी होती. इंद्रजीत कामावर गेला होता. भर दुपार, बाहेर ऊन मी म्हणत होतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. तिनं डिस्क लावली आणि जमिनीवर बसली.

मास्तर आले नाहीत. मुली आल्या नाहीत. थेट कांताबाईच होत्या.

भिंत आता हिरवट नव्हती. चुन्याची पांढरी होती, आणि आईच्या डोक्याच्या वर एक खिळा होता. पद्मिनीनं मान वळवली नाही. तिच्या मागच्या भिंतीवर, हेल्मेट टांगायचा खिळा बरोबर त्याच उंचीवर होता.

कांताबाई कोणाचं तरी ऐकत होत्या. मान थोडी तिरकी, डोळे कॅमेऱ्याच्या बाजूला. मग त्यांनी मान हलवली.

“मले विचारून राहिले का या घरातून एक जन जानार, तर कोन गेलं पाहिजे.”

कूलरचा टक्‌ टक्‌ आवाज होत राहिला.

“मागच्या खेपेस मी पोट्ट्यासाठी बोलली. त्याची माय गेली. तिच्यासाठी कोनीच बोललं नाही. या खेपेस मी मायसाठी बोलते.” त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं. “पद्मिनी माही लेक आहे. लय भोगलं तिनं. तिले ठेवा.”

पुन्हा त्यांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग मान खाली घातली आणि पदराच्या पिवळ्या रफूवरून बोट फिरवत म्हणाल्या,

“पोट्ट्याचं मी काही म्हनत नाही.”

“आई,” पद्मिनी म्हणाली. “आई, असं नको बोलू.”

कांताबाईंनी वर पाहिलं नाही.

पद्मिनीनं मोबाइल उचलला. इंद्रजीतचा फोन बंद होता. भट्टीजवळ फोन नेऊ देत नाहीत, तो बंदच असतो, रोजच असतो. तिनं मिलच्या गेटवर लावला. तिथं भैय्यालाल नावाचा चौकीदार होता, ओळखीचा.

“भैय्यालाल भैया, इंद्रजीतला बोलवा जरा.”

“इंद्रजीत भैया? ओ तो निकल गे, दीदी. आज जल्दी छुट्टी होगे.”

“कधी निघाला?”

“अभी-अभी। हव, अभीच।”

“हेल्मेट घातलं होतं का?”

पलीकडे भैय्यालाल हसला. “एतका घाम में कोन पहिनथे, दीदी?”

तिनं फोन ठेवला. म्हणजे तो आता रस्त्यावर होता. बीरगांवचा तो रस्ता, लोखंडाच्या सळया लादलेले ट्रक, सळयांच्या टोकाला बांधलेली लाल चिंधी. पुरावा दाखव, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. बापाचा शब्द तिला आयुष्यभर पुरला होता, आज पहिल्यांदा तो तोकडा पडला. पुरावा समोर मांडी घालून बसला होता.

ती उठली आणि तिनं टीव्हीचं बटण दाबलं. टीव्ही बंद झाला नाही. प्लेअरची वायर ओढली, चित्र तसंच राहिलं. काही बिघाड असेल, असं तिच्या मनात अजूनही आलं, आणि त्या सवयीची तिला स्वतःलाच कीव आली.

५

आई काय बोलते हे नीट ऐकू यावं म्हणून तिनं कूलर बंद केला. पातं मंदावत मंदावत थांबलं. खोलीत उकाडा दाटला.

टक्‌ टक्‌ आवाज थांबला नाही. तो टीव्हीतून येत होता.

ती जिथं बसली होती तिथंच पुन्हा बसली. पडद्यावर कांताबाई गप्प होत्या, त्यांच्या उजव्या अंगाची जागा मोकळी होती. त्या आता पहिल्यांदाच सरळ पद्मिनीकडे पाहत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी पाहुण्यांसमोर पद्मिनी काही भलतं बोलणार असली की आई अशीच बघायची. बोलू नको, अशी ती नजर होती.

मग मागून, स्वयंपाकघराच्या दाराकडून, कोणीतरी घसा साफ केला.

पद्मिनी वळली नाही. वळून पाहिलं असतं तर पुढचं तिच्यानं झालंच नसतं, आणि ते करायचं हे तिचं ठरून गेलं होतं. आवाज पुरुषाचा होता. सभ्य, घाई नसलेला, कुठल्याच गावचा हेल नसलेला.

“बहनजी,” तो म्हणाला, “आपकी क्या राय है?”

तिला वाटलं होतं आपली वाचा बसेल. बसली नाही. उलट आपल्याला कोणीतरी विचारलं, या गोष्टीचं तिला विलक्षण हायसं वाटलं. पॉइंटमनच्या बायकोला कोणीच विचारलं नव्हतं. तिनं पाठ ताठ केली, पदर सारखा केला आणि प्रश्न उत्तरात घेतला.

“मले विचारून राहिले,” ती म्हणाली, “का या घरातून कोण गेलं पाहिजे.”

पडद्यावर कांताबाईंनी मान जोरजोरात हलवली. नाही, नाही.

“तर माझं मत असं आहे का इंद्रजीत राहिला पाहिजे. त्यानं अजून काहीच पाहिलं नाही, सगळंच बाकी आहे. माझ्या आईचं मत धरू नका. ती माझी आई आहे, ती असंच बोलणार. मी त्याची आई आहे, मी असं बोलते. या घरातून मी जाते.”

मागे काही हललं नाही. फक्त खट्‌ असा बारीक आवाज झाला. कोणीतरी काहीतरी बंद केल्याचा.

कांताबाईंनी डोळे पुसले. मग त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला आणि शेजारची मोकळी जागा थोपटली.

“ये,” त्या म्हणाल्या. “बस.”

पद्मिनीच्या तळव्याला सतरंजीचा खरखरीतपणा लागला. तिच्या घरात सतरंजी नव्हती.

६

मोटारसायकल गल्लीत शिरल्याचं तिला ऐकू आलं. तोच आवाज, तेच दोनदा रेस करणं. मग जिन्यावर पावलं, एक पाय जरा ओढत टाकलेला. दार उघडलं.

इंद्रजीत आत आला. शर्टाची बाही कोपरापासून खांद्यापर्यंत फाटली होती, कपाळावर धुळीचा पट्टा होता. पण तो सगळाच्या सगळा होता. तिनं त्याला डोळे भरून पाहिलं. मायेनं तिचा ऊर भरून आला.

“मम्मी,” तो धापा टाकत म्हणाला, “सुनो ना, बीरगांव में एक ट्रक… सरिया बिलकुल यहाँ से निकला, गले के पास से। पता नहीं कैसे बचा।”

“काही लागलं नाही ना तुले?” तिनं विचारलं.

त्यानं उत्तर दिलं नाही. तो खोलीत सगळीकडे पाहत होता. बंद कूलर, ओढलेला पडदा, जमिनीवर पडलेला तिचा मोबाइल. मग त्याची नजर टीव्हीवर गेली आणि तिथंच थांबली. तो दोन पावलं पुढे आला. त्याचा चेहरा खूप जवळ आला, मोठा झाला, आणि भीती जाऊन त्यावर लहानपणीचं हसू उमटलं.

त्यानं स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली.

“मम्मी, जल्दी आओ। आजी के बाजू में तुम भी हो इसमें।”

कांताबाईंनी पद्मिनीचा हात आपल्या हातात घेतला. इंद्रजीत थोडा वेळ थांबला, मग त्यानं आणखी एकदा हाक मारली, आणि तिला शोधायला आत गेला.